अळणी सुरमई

"मीठ न्हाई म्हंजे न्हाई. चिमूटभरसुदिक न्हाई!" अंजनानं काउंटरवर हात आपटून सांगितलं.

काउंटरमागची टोपी घातलेली पोरगी गोंधळली. छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नाव होतं, क्रांती. सांगलीतल्या या झगमगीत दुकानात ऑर्डर दिली की माशाचे तळलेले तुकडे हातात पडायचे. एवढी चौकशी कुणी करत नसे.

"मावशी, आमचे मासे मसाल्यात मुरवूनच येतात. त्यात मीठ आधीच असतंय."

"मग न मुरवलेला असंल की एखादा! आमच्या मालकास्नी बीपी हाय."

मालक, म्हणजे तिचा नवरा सयाजी, मागं उभा राहून काचेतली कोळंबी न्याहाळत होता. फौजेतून निवृत्त झालेला ताठ गडी, पण चेहरा असा खुललेला, की जणू आत्ताच बढतीची बातमी आलीय.

अंजनाचाही आनंद पोटात मावत नव्हता. सकाळी दोघं शिराळ्याहून डॉक्टरांकडं आले होते. सयाजी दवाखान्याचा जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला, तेव्हा ती त्याच्यावर ओरडलीच होती. डॉक्टरांनी नेहमीसारखा दोघांच्याही दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाले, "आकडा उतरला बरं का! अळणी जेवणाचं फळ आहे हे. असंच चालू ठेवा." सयाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"चल, आज तुला मासं खायला घालतो," बाहेर पडताच तो म्हणाला. मासे म्हणजे अंजनाचा जीव की प्राण. उन्हाळ्यापासून तिनं माशाचा काटाही पाहिला नव्हता.

हे अळणी प्रकरण तेव्हापासूनचं. उसातलं तण भांगलताना तिला चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला कसलंसं पथ्य सांगितलं होतं. उन्हात चक्कर कुणाला येत नाही? तिनं ते पथ्य दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं. पण आठवडाभरात सयाजीच तोंड पाडून घरी आला.

"अंजे, माझं बीपी लय वाढलंय. मीठ बंद करा म्हणालं डॉक्टर."

तेव्हा मात्र तिच्या पायांखालची जमीन सरकली. लोणचं, पापड, सुक्या बोंबलांची बरणी, सगळं तिनं शेजारच्या हरणाबाईला देऊन टाकलं. घरात एकच कालवण, तेही अळणी. नवऱ्यानं अळणी गिळायचं आणि आपण वर मीठ घेऊन खायचं, हे तिच्यानं झालंच नसतं.

तेवढ्यात आतून आचारी बाहेर आला. "मावशी, ताजी सुरमई हाय. मसाला लागल्याला न्हाई. लसूण, मिरपूड लावून भाजतो, वरनं लिंबू पिळा."

"भाजा की! पन तवा आधी पुसा. मगाच्या माशाचं मीठ लागंल. आन् ते सॉस, चटणी, चिप्स, कायबी नगं."

आचारी हसत आत गेला. अंजना काचेतून तव्यावर डोळा ठेवून होती. लसणाचा वास सुटला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

दोन ताटल्या टेबलावर आल्या. ती लगबगीनं हात धुवायला गेली. धीर कुठला? हात धड न पुसताच ती परत फिरली आणि जागच्या जागी थबकली.

सयाजीनं शेजारच्या टेबलावरच्या मिठाच्या पुड्या उचलल्या होत्या. एक फोडून आपल्या सुरमईवर भुरभुरली, मग दुसरी. मोठा तुकडा तोंडात टाकून त्यानं समाधानानं डोळे मिटले.

अंजनानं धावत येऊन त्याचं मनगट धरलं. "आवं! जिवावर उठलाय व्हय सोताच्या? मी इतकं जपायचं आन् तुमी माझ्या पाठीमागं ह्ये धंदं करायचं?" तिचा आवाज चिरकला. डोळे भरून आले. आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

सयाजीनं घास गिळला. तिची लिंबू पिळलेली ताटली त्यानं हळूच तिच्याकडं सरकवली.

"बस. गार हुतंय तुझं."

"मी काय इचारतीय?"

"अंजे, माझं बीपी पैल्यापासनं झ्याक हाय," तो म्हणाला. "आज उतरला त्यो आकडा तुझा हाय. तुझ्या एकटीसाठी तू कवा अळणी शिजवलं असतंस?"