कुंकवाची ओळ

तिसरी डिस्क वाचून झाली तेव्हा गौतमने खुर्ची मागे सारली.

"आता एकच अडलंय, देवरामभाऊ. ओळ."

देवराम बाकावरून उठला. काल सकाळी तो जव्हारच्या डेपोसमोरच्या गौतमच्या या संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक काळा डबा छातीशी धरून आला होता. खोडाळ्याच्या वाटेवर मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण या डब्यात साठायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नववीतली चंदा तिथून नाहीशी झाली होती. आज नववा दिवस.

"माझी पोर हाय, भाऊ," एवढंच तो बोलला होता. "पोलीस म्हनतात, आधी चित्र आना. आन डबा तर मेला."

तेव्हापासून तो हललाच नव्हता.

"ओळ म्हंजे?" त्याने विचारलं.

"चित्रण एका डिस्कवर नसतं. तुकडे करून चौघींवर वाटलेलं असतं. एक मेली तरी, जशी इथे चौथी मेली आहे, उरलेल्या तिघी तिच्या वाट्याचं जपून ठेवतात. पण कोण कुणाशेजारी बसली होती ते कळायला हवं. नाहीतर नुसती राख."

"मंग ओळ मोडली कोनी?"

"तिथे शिपाई कोण आहे?"

"बाबल्या."

"मग बाबल्याने. दसऱ्याला डबा उघडून डिस्क बाहेर काढल्या, पुसल्या, पुजल्या आणि हाताला येतील तशा परत कोंबल्या. आतून ही झेंडूची पाकळी निघाली बघा. आंघोळ घातली नाही हे नशीब."

देवराम हसला नाही.

शेजारची चहावाली हौशी दोन पेले घेऊन आली. देवरामने आणखी एक वडापाव मागितला, सकाळपासूनचा तिसरा.

"खा बाबा, दुःखातबी भूक लागते," ती म्हणाली आणि गौतमकडे वळली. "आन तू रं, बापाला किती दिस बसवशील? डबा दुरुस्त करतोस का त्याच्यासंगं संसार मांडतोस?"

"मावशी, तुझा स्टोव्ह पेटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागेल."

"मंग पुढच्या दसऱ्यालाच ये बाबा," हौशी देवरामला म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत गेली.

देवरामचा फोन वाजला. तो दारापर्यंत गेला. "आज मिळंल," म्हणाला. "सोमवारच्या आत."

"सोमवारी काय?" गौतमने विचारलं.

"कोर्टात पोरीची साक्ष हाय. त्याच्या आधी पोर हाती लागली पायजे."

"कसली साक्ष?"

"घरातलीच गोष्ट हाय, भाऊ."

गौतमने पुढे खोदलं नाही. त्याची मुलगीही नववीतच होती. काल घरी गेल्यावर तिचं दप्तर कोपऱ्यात पडलेलं पाहून तो उगाच तिथे थोडा वेळ उभा राहिला होता.

त्याने चारही डिस्क टेबलावर मांडल्या. पावसाळा सरला होता, तरी दरीतून धुकं चढत होतं. समोरची एसटी पुसट झाली, मग नुसता तिचा आवाज उरला. दिवसाउजेडी दिवा लावावा लागला. त्या उजेडात त्याला ठिपके दिसले.

प्रत्येक डिस्कवर कुंकू होतं. एकीवर गच्च लाल. दुसरीवर जरा उतरलेलं. तिसरीवर फिकं. चौथीवर तर आहे की नाही असं, ओवीच्या शेवटी गाणारीचा दम सरावा तसं.

बाबल्याने बोट एकदाच बुडवलं होतं, आणि डिस्क एका टोकाकडून एकेक जशी बाहेर आली तशी तिला टेकवत गेला होता.

गौतमने गडद ते फिकं अशी ओळ लावली. पडदा काळा राहिला, थरथरला, आणि मग त्यावर फाटक उमटलं.

भर दुपार. आंब्याची सावली. दोन वेण्यांची मुलगी पिशवी पोटाशी धरून उभी.

"हीच ना?"

"हीच."

एक जीप थांबली. एक पुरुष उतरला, मागोमाग एक बाई. बाईने मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तिला जवळ ओढलं. पुरुष सारखा रस्त्याकडे पाहत होता. मग तिघं आत बसली.

"थांबवा. पाटी मोठी करा."

देवरामने टेबलावरचं पेन उचलून जीपचा नंबर तळहातावर लिहिला. "आन वळली कुठं?"

"मोखाड्याकडे."

देवराम पहिल्यांदाच हसला. गौतमचे डोळे भरून आले. दोन दिवसांचा शीण कुठल्या कुठे गेला.

"पोर जिवंत आहे, देवरामभाऊ. आणि स्वतःच्या पायांनी चढली. ओळखीचीच दिसतात ही माणसं. कोण आहेत दोघं?"

देवराम दाराशी पोचला होता. त्याने रस्त्यापलीकडे धुक्यात उभ्या असलेल्या गाडीला हात केला. गाडीत चार माणसं होती. मग सहज मागे वळून तो म्हणाला,

"तिचे आईबाप."