फलकावरचा चेहरा

थिएटरवाल्या बुनतेकची खोडच ती. चिमूटभर वाढायचं आणि परातभर मिरवायचं. या खेपेला त्यानं थिएटरबाहेरच्या फलकावर ग्वेइंगचा चेहरा रंगवून घेतला, दोन मजली, नायिकेच्याही डोक्यावर. ग्वेइंग याच तोंगशी बंदरातली. धक्क्यावर कालवं फोडणाऱ्या बाईची, आबानची लेक, तैपेईला जाऊन सिनेमात लागलेली. गावची पोर म्हटल्यावर सगळं गाव लोटलं.

बुनतेकच्या आईनं, सिउग्योकबाईंनी, सकाळी रिळं तपासताना सिनेमा बघितला होता. पोर पाचव्या रिळात येत होती. चहा ओतून जात होती. तोंड दिसतच नव्हतं.

"तिच्या आईला तरी सांगितलंस का रे?"

"आये, आधी थिएटर भरू दे. सांगू सावकाश."

बाई स्वतःच सांगायला निघाल्या. तोवर आबान ठेवणीतला निळा झगा घालून थिएटरच्या दारात हजर, मागं धक्क्यावरच्या सगळ्या बाया घेऊन. बाईंनी न सांगताच तिला आत नेलं.

आता आबान पहिल्या रांगेत ताठ बसली होती. चौथं रीळ संपलं तशी कलिंगडाच्या बिया फोडण्याची कुडकूड थांबली.

"आबान, कुठाय गं तुझी नटी?" मागून एकीनं टोमणा मारला. "जेवायला गेली काय?"

"येईल. मोठी माणसं उशिरानंच येतात."

पाचदहा जणी फिसकन हसल्या. पडद्याशेजारच्या दाराशी उभ्या सिउग्योकबाईंनी ते हसू ऐकलं. उद्या पहाटे आबानला याच बायांच्या ओळीत बसून कालवं फोडायची होती.

पाचवं रीळ लागलं. नायक-नायिका समोरासमोर बसलेले. बाजूनं एक हात आला, किटली धरलेला. कप भरला. हात गेला.

कुणाला काही कळलंच नाही. आबान मात्र उभी राहिली. तिची सावली नायकाच्या तोंडावर पडली.

"बघितलात? अंगठ्याखाली व्रण होता," ती म्हणाली. "नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा सुरी धरली, तेव्हाचा. तो हात माझ्या ग्वेइंगचा."

कुणी हसलं नाही. बाया अंधारात आपापल्या हातांकडे बघायला लागल्या.

"थेंब नाही सांडला हो," एक म्हातारी म्हणाली.

आबान खाली बसली. नजर पडद्यावरच.

सिउग्योकबाई बाहेर आल्या. पुढच्या खेळाची रांग पार मासळीबाजारापर्यंत गेली होती. फलकाखाली उभा बुनतेक हसत होता.

"बघ आये. म्हणालो नव्हतो?"

"आबाननं राखली म्हणून तुझी अब्रू राहिली," बाई रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आत आहे तेवढंच बाहेर टांगायचं. शिडी आण, तो चेहरा पूस. तिथं पोरीचा किटली धरलेला हात रंगवून घे. अंगठ्याखालच्या व्रणासकट."