खालचं पाणी कोमट

"टाकीत पाणी आहे?"

आहे, थोरली म्हणाली.

गच्चीवर फिटर उकिडवा बसला होता. सोलरची डावीकडची टाकी थोरलीची, उजवीकडची धाकट्या जावेची. दोन्ही टाक्या, त्यांच्याखाली तिरक्या लावलेल्या काचेच्या काळ्या नळ्या, सगळं एकाच दिवशी, याच फिटरनं बसवलेलं.

"नळ्यांवर धूळ?"

हे तिला लागलं. रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं नळ्या पुसत होती. आत्ताही फडकं हातातच होतं. काच इतकी लखलखीत, की फिटरनं तिच्यात बघून मिशी नीट केली.

"सावली पडते कधी?"

आमच्यावर? छे.

खोटं नव्हतं ते. सावली पडत होती उजवीकडे. तिथं दोरीवर ओल्या चादरी होत्या. काल होत्या, परवा होत्या. खालच्या घरात झोपणाऱ्या माणसांपेक्षा दोरीवर चादरी जास्त.

"पाणी पहिल्यापासून कोमट?"

याचं उत्तर लांबलचक होतं. ते तिनं दिलं नाही.

सुरुवातीला दोघींकडे कढत यायचं. वरच्या मजल्यावर धाकटीकडे मात्र नळ सोडल्या सोडल्या यायचं, आणि खाली थोरलीकडे आधी अर्धी बादली गार पाणी जाऊ द्यावं लागायचं. पाइप लांब, दुसरं काही नाही. पण थोरलीकडे राहणाऱ्या आई, म्हणजे दोघींच्या सासूबाई, एकदा वर अंघोळ करून आल्या आणि सहज म्हणाल्या, की धाकटीकडे कसं बटण दाबल्यासारखं येतं. दुसऱ्याच दिवशी थोरलीनं वाळत घालायची दोरी उजवीकडे बांधली.

त्यानंतर काय झालं कोण जाणे, खालचंच पाणी कोमट झालं. पाणी जितकं कोमट, तितक्या दोरीवर चादरी वाढल्या. आईंचा टॉवेल वर गेला. मग तेलाची बाटली. मग दुपारची झोप. खाली आता त्यांची उशी तेवढी उरली होती, आणि येता-जाता थोरलीचा एक डोळा त्या उशीवर असायचा.

फिटरनं डाव्या टाकीतून निघणाऱ्या पाइपाला बोट लावलं आणि झटक्यात कानाच्या पाळीवर नेलं.

"वहिनी, इथं तर चहा होईल. मग माशी शिंकते कुठं?"

वाटेत कुठंतरी थंड पाणी मिसळत असणार, असं त्याचं म्हणणं पडलं. तो डाव्या टाकीचा कॉक बंद करणार, तिनं खाली जाऊन गरम पाण्याचा नळ सोडायचा. तरीही पाणी आलं, तर चोर सापडला.

त्यानं कॉक फिरवला. ती जिन्याच्या दारापर्यंत पोचली असेल नसेल.

"अगं, पाणी गेलं."

आवाज खालून आला, पण तिच्या घरातून नाही. वरच्या मजल्याच्या बाथरूमच्या झरोक्यातून. आईंचा.

"गरम गेलं गं. तोंडाला साबण आहे माझ्या."

थोरलीला फिटरच्या आधी कळलं. फिटर पाइपावरून बोट फिरवत टाक्यांच्या मागे गेला. जिथं दोन पाइप एकमेकांवरून जात होते, तिथं बोट थांबलं. त्या दिवशी घाई होती, असं तो पाइपालाच सांगितल्यासारखं पुटपुटला. डावीकडचं वर गेलं, उजवीकडचं खाली. अर्ध्या तासाचं काम, लगेच बदलून देतो.

धाकटी ओल्या हातांनी धावत वर आली. तिनं बंद कॉक पाहिला, फिटरचं बोट पाहिलं, मग सावकाश चादरींकडे पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "मी म्हणायचे, ताईंच्या चादरी इतक्या मळतात तरी कशा."

थोरलीला लाज वाटायला हवी होती. पण आधी मनात आलं ते भलतंच. म्हणजे इतके दिवस आई माझ्याच पाण्यानं अंघोळ करत होत्या. मी पुसलेल्या नळ्यांच्या. झरोक्यापाशी जावं आणि हे ओरडून सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण मग आई विचारणार, तुझ्याकडचं कोमट का होतं? आणि मग चादरी सांगाव्या लागणार.

ती फिरली आणि तिनं स्वतःच कॉक उघडला. तळहाताखाली पाइप तापत गेला.

"आलं का, आई?"

"आलं, आलं." झरोक्यातून तांब्याचा आवाज, मग पाण्याचा. "धाकटीचं पाणी म्हणजे पाणी, बाई. तुझ्याकडचा बिघाड सापडला का गं?"

फिटरनं तोंड उघडलं. धाकटीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पान्हा शोधायला लागला.

"सापडला," थोरली म्हणाली.

धाकटी दोरीकडे गेली. एकेक चिमटा काढत तिनं चादरी ओढून घेतल्या, तसं उजवीकडच्या नळ्यांवर ऊन आलं. शेवटची चादर तिनं झटकली, दोन टोकं आपल्याकडे ठेवली आणि उरलेली दोन थोरलीपुढे केली.

"धरा, ताई. एकटीनं घडी नीट होत नाही."

हातातलं फडकं कुठं ठेवावं, ते थोरलीला सुचेना.