प्रतिमाए

डॉ. गुरुनाथ सबनीसांनी छापून आलेला रिसर्च पेपर मायक्रोस्कोपशेजारी ठेवला आणि स्वतःच चौथं पान उघडून दिलं.

"वाच. मुद्दामच तुला काही बोललो नव्हतो."

प्रतिमाने वाचलं. पेरू देशातल्या डोंगरांतल्या स्टॅग बीटलची, म्हणजे शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंगेऱ्याची, एक नवी प्रजाती. नावातला दुसरा शब्द होता ‘प्रतिमाए’.

"म्हणजे प्रतिमाची. लॅटिनमधली षष्ठी," ते म्हणाले. "आता जगात कुठेही हा भुंगेरा सापडला तरी त्याला हेच नाव. तुझी सरलाकाकू म्हणाली, पोरीकडे रिकाम्या हाताने जाऊ नका." त्यांनी बॅगेतून पेढ्यांचा डबा काढला.

प्रतिमाचे डोळे भरून आले. तिने पेपर हातात घेतला आणि पहिलं पान बघितलं. शीर्षकाखाली एकच नाव होतं, गुरुनाथ सबनीस. तिने शेवटचं पान उघडलं. आभारांत तिसऱ्या ओळीत ती होती: ‘नमुने लावून ठेवण्यात मदत करणाऱ्या स्वयंसेविका प्रतिमा बोकारे.’

तीन वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी, ती नोव्हाय गावाहून गाडी चालवत विद्यापीठाच्या या कीटकसंग्रहालयात येत होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर तिला इथे नोकरी करता येत नव्हती, म्हणून बिनपगारी. सत्तर वर्षांपूर्वी पकडलेले एकशे बारा भुंगेरे एकाच नावाखाली पडून होते. त्यातल्या एकोणीस नरांच्या जबड्याला आतून एकाऐवजी दोन दात आहेत, हे तिला दुसऱ्या हिवाळ्यात दिसलं. सबनीसांना पटलं नव्हतं. एकाच प्रजातीत लहानमोठे नर असतात, दात कमीजास्त होतातच, असं ते म्हणाले होते. तेव्हा तिने एकेक भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करून त्याच्या पोटातला, प्रजातीगणिक वेगळा असणारा राईएवढा जननअवयव बाहेर काढला आणि ओळीने मांडून ठेवला. एकोणीसच्या एकोणीस बाकीच्यांपेक्षा वेगळे निघाले. सबनीस बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. मग म्हणाले होते, "पोरी, जिंकलीस. दोघांच्या नावाने पेपर लिहू. त्यावर तुझी पीएच.डी.ची ॲडमिशन मी बघतो."

अर्ज भरून घरी तयार होता. पेपरची ओळ तेवढी कोरी होती.

"काका, माझं नाव?"

"अगं, तुझंच तर नाव दिलंय."

"लेखकांत म्हणतेय मी."

सबनीसांनी चष्मा काढला. "हे बघ, जिच्या नावाने प्रजाती, तीच लेखक असली तर लोक हसतात. स्वतःचंच नाव ठेवून घेतलं म्हणतात. दोनपैकी एकच काहीतरी शक्य होतं. त्यातलं जे मोठं, ते मी तुला दिलं."

"मला विचारायचंत."

"मग सरप्राइज कसलं?"

प्रतिमा उठली. कपाटातून तिने तो एकोणीस भुंगेऱ्यांचा ड्रॉवर ओढून काढला. प्रत्येक टाचणीवर भुंगेऱ्याखाली चिठ्ठ्या असायच्या. कुठे सापडला, कोणी पकडला, जुनं नाव, आणि सगळ्यांत खाली तिच्या अक्षरातली: ‘वेगळी प्रजाती. प्र. बोकारे, २००५.’ तिने पहिल्या टाचणीखाली बघितलं. मग दुसऱ्या. मग सगळ्याच. तिची चिठ्ठी कुठेच नव्हती. त्या जागी छापील चिठ्ठी होती, सबनीसांच्या नावाची.

जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढायची नाही, कोणी काय कधी पाहिलं त्याचा तो पुरावा असतो, हे पहिल्या दिवशी त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"माझ्या चिठ्ठ्या कुठे आहेत, सर?"

"फोटो काढायचे होते ना. फार गर्दी दिसत होती." ते पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं.

"अर्जाची मुदत शुक्रवारी संपतेय."

"या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी बघू. अजून एक प्रजाती हाती लागली ना, की ती नक्की दोघांच्या नावाने. शब्द देतो." त्यांनी खालच्या फळीवरून दुसरा ड्रॉवर उचलून तिच्यापुढे ठेवला. "बोलिव्हियाचे आहेत. मी दोनदा बघितले, मला काही कळलं नाही. तुझी नजर वेगळी आहे. तुला लगेच दिसेल."

ते स्टूल ओढून शेजारी बसले, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

प्रतिमाने काचेचं झाकण सरकवलं. चाळीसेक काळे भुंगेरे होते. ती एका टोकापासून बघत गेली. मधल्या रांगेत तिची नजर थांबली. सात नरांच्या मागच्या पायांवर काटा नव्हता. बाकी सगळ्यांच्या पायांवर होता. तिने मान थोडी वाकडी करून उजेडात पाहिलं. त्या सातांच्या जबड्यांचा बाकही निराळा होता. तिने पुन्हा मोजले. सातच.

तिचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. तिथून तिने तो परत घेतला आणि मांडीवर ठेवला.

"काय? आहे काही वेगळं?" सबनीसांनी विचारलं.

प्रतिमाने काच हळूच परत सरकवली.

"नाही सर. सगळे एकसारखेच आहेत."