जांभळा तुरा

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, म्हणून रुख्मिणीनं अचलपूरच्या बाजारातून सिल्की जातीच्या कोंबडीची बुटकी पिल्लं आणली, कापसासारख्या मऊ पिसांची. त्यांना तुरे फुटले तसा तिचा नवरा चंद्रभान हसला, "फसली तू! असली सिल्कीचा तुरा जांभळा राह्यते. याइचा त लाल हाय."

तेव्हापासून ती रोज सकाळी खुराडं उघडून आधी तुरे पाही. आज सगळेच जांभळे! पिल्लं दाण्याला तोंड न लावता डोळे मिटून बसली होती, पण तिचं तिकडं ध्यान कुठलं? एक पिल्लू पदरात घेऊन "पाहा, असलीच निंगालं!" म्हणत ती घरोघर दाखवून आली.

परतली, तर अंगणात त्यांचा गावठी कोंबडा डोळे मिटून उभा होता.



त्याचा लालभडक तुराही जांभळा पडला होता.