काळ्या काचा

खेळण्यातल्या ट्रकची बॉडी पाण्याच्या बाटलीसारखी आरपार दिसणारी होती आणि रंग तिला आतून द्यायचा होता. काका ती मांडीवर उलटी धरून बसला होता. आजवर त्याने खऱ्या ट्रकांना बाहेरून रंग दिला होता. आधी अस्तर, मग रंग, सगळ्यात शेवटी नक्षी आणि नाव. इथे सगळंच उफराटं. जे डोळ्यांना आधी दिसायचं ते आधी काढायचं, आणि चुकलं तर वरून हात फिरवून झाकायची सोय नाही.

"नाव बाबांच्या गाडीवर होतं तस्संच हवं," ठकू म्हणाली.

रिमोटवर चालणारी ही गाडी तिला बाबांनीच आणून दिली होती. भिंतीवर आपटून तिची वरची बॉडी फुटली, तेव्हापासून ठकूने काकाच्या मागे टुमणं लावलं होतं, नवी बॉडी बाबांच्या ट्रकसारखी रंगव. नाही म्हणायला काकाची जीभ रेटली नाही. बाबांच्या ट्रकच्या कपाळावर 'ठकू' हे नावही त्यानेच काढलेलं. आता तेच तो आरशातल्यासारखं उलटं काढत होता, आणि दीर्घ ऊकार नेमका ऱ्हस्व दिसत होता.

वहिनी दारात उभी होती. हल्ली ती अशीच उभी असायची, धड आत नाही, धड बाहेर नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाचा, म्हणजे ठकूच्या बाबांचा, ट्रक रस्त्याच्या कडेला सापडला होता. इंजिन चालू, दार सताड उघडं, माल जिथल्या तिथे. दादा तेवढा नव्हता. आसपासच्या विहिरी, ओढे, झाडी, सगळं पालथं घातलं, काही म्हणजे काही हाती लागलं नाही. ट्रक परत आणायला काकाच गेला. दादा उंच, त्यामुळे सीट पुढे ओढून घ्यावी लागली. घरी येईपर्यंत त्याला एकसारखं वाटत होतं, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

नाव झालं, पिवळा पट्टा झाला. मग ठकूने मूठ उघडली. आत अंगठ्याएवढा प्लास्टिकचा माणूस होता, दोन्ही हात पुढे धरलेला. पेनने तिने त्याला मिशा काढल्या होत्या.

"याला स्टिअरिंगपाशी बसव."

काकाने तो हातात घेतला. मिशा दादासारख्याच होत्या, टोकाला खाली वळलेल्या.

"नका बसवू, भाऊजी," वहिनी दारातून म्हणाली.

"पोरीची हौस आहे, वहिनी. असू द्या."

"ते गाडीत नव्हते."

ठकू एकदा आईकडे, एकदा काकाकडे बघत राहिली. काकाने बाहुला टेबलावर ठेवला.

"आपण काचाच काळ्या करू. आतलं काही दिसायलाच नको."

ठकूने जरा विचार केला. "मग बाबा आत आहेत का नाहीत, ते कुणाला कळणार नाही?"

"नाही कळणार."

"मग चालेल."

काकाने रंग लागू नये म्हणून खिडक्यांवर लावलेल्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या आणि काळा रंग मारला. त्यामागून निळा. नंतर बॉडी उन्हाला ठेवून तो नळावर हात धुवायला गेला. ठकूचीही बोटं निळी झाली होती, तिचीही घासून दिली. निळा रंग नखांतून निघता निघेना, त्यात बराच वेळ गेला.

परत आले तर गाडी तयार. वहिनीने बॉडी चाकांच्या सांगाड्यावर बसवून चारही कोपऱ्यांच्या पिना लावल्या होत्या. टेबलावर बाहुला नव्हता. काकाने खाली वाकून पाहिलं, खालीही नव्हता. तो वहिनीकडे बघायला लागला, तशी ती रंगाचे डबे आवरायला लागली.

ओरखडे पडू नयेत म्हणून बॉडीवर बाहेरून चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ठकूने सोलून काढला. निळा रंग असा उजळला की ट्रक नुकताच धुऊन उभा केलाय असं वाटावं. काकाने नजर वळवली.

ठकूने गाडी अंगणातून गल्लीत काढली. गाडी भिंतीच्या कडेकडेने गेली आणि टोकाच्या वळणावर दिसेनाशी झाली. थोडा वेळ तिची घरघर ऐकू येत होती. मग तीही थांबली.

"आण मागे," काका म्हणाला.

"आणतेय. येत नाहीये."

ठकू रिमोटची कळ दाबत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जाऊन बघावं असं काकाच्या मनात येत होतं, पण तो फाटकाच्या आतच उभा राहिला.

घरघर पुन्हा सुरू झाली. वळणावर आधी गाडीचं नाक दिसलं, मग काळ्या काचा, मग अख्खी गाडी. वहिनी लगबगीने पुढे झाली. त्या गाडीला बोटभर फट पुरली असती, पण तिने फाटकाच्या दोन्ही झडपा पार भिंतीला टेकवल्या आणि बाजूला उभी राहिली. गाडी मधोमध आत आली, अंगणात थांबली.

"आई, आली आत," ठकू म्हणाली. "लाव ना फाटक."

"थांब जरा," वहिनी म्हणाली. ती वळणाकडे बघत होती.