आधी झोपा

बायकोच्या आजारपणात काढलेलं कर्ज ती गेल्यावर फेडायला भिकनला चार वर्षं लागली. जादा पैशांसाठी त्यानं राखोलीच्या कारखान्यातली रातपाळी कधी सोडली नाही. लेक गुड्डी शाळेतून यायची तेव्हा तो गाढ झोपलेला असायचा, आणि उठला की डबा घेऊन निघायचा. १९९२च्या मार्चमध्ये शेवटचा हप्ता चुकता झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं सुट्टी घेतली आणि डोकमर्डीच्या खोलीत भरदुपारी लेकीची वाट पाहत जागा बसला.

गुड्डी आली. त्याला जागा पाहून दाराशीच थबकली, मग दप्तर ठेवून भिंतीला टेकून बसली.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

शेजारची बायडाबाई दारातून हसली. "काही नाही कसं? रोज आली की तासभर तोंड चालू असतं हिचं. पत्र्यापल्याड मला सगळं ऐकू येतं, भाऊ. मला वाटायचं, तुमच्याशीच बोलते."

भिकननं लेकीकडे पाहिलं. "सांग ना गं मलापण."

गुड्डी उठली. कोपऱ्यातली गोधडी आणून तिनं त्याच्यासमोर अंथरली.

"आबा, तुम्ही आधी झोपा ना. मग सांगते."